पार्वताबाईंचे बारा फोटो

कागदाची ती पट्टी... बोटाच्या पेराएवढी, कडेला जराशी खरखरीत, आणि अंधारात तिचं टोक काही सापडत नव्हतं. प्रणालीनं फिल्मचा रोल डाव्या तळहातावर फिरवला, पुन्हा फिरवला, नखानं चाचपून पाहिला—नाही. गेल्या रविवारी अकोल्याच्या गच्चीवर रोल संपला आणि ही पट्टी चिकटवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी तो तिच्या हातातून हिसकावूनच घेतला होता. 'माये फोटू, मीच चिकटवतो,' म्हणत पट्टीच्या गोंदावरून जीभ फिरवली होती, पोस्टाच्या पाकिटावर फिरवावी तशी, आणि अंगठ्यानं अशी काही दाबली होती की आता सुटता सुटत नव्हती. बाईचं सगळंच असं. एकदा चिकटवलं की चिकटवलं.

"लागलं का व हाताले?" दाराबाहेरून त्यांचाच आवाज आला.

"लागेल, आई. तुम्ही फक्त गोधडी सरकवू नका."

"म्या काहून सरकवीन? मी तं तिच्यावरच बसली."

आणि खरंच बसल्या होत्या. बाहेर अमरावतीची मे महिन्यातली दुपार. न्हाणीघराच्या दाराखालची फट बुजवायला प्रणालीनं दिलेली गोधडी पार्वताबाईंनी चौपदरी घडी करून फटीला लावली होती आणि तिच्यावर बसून, दाराला पाठ टेकवून ठाण मांडलं होतं. उजेड सोडा, मुंगीची आत शिरायची टाप नव्हती. सकाळच्या गाडीनं अकोल्याहून निघून, मूर्तिजापूरला खिडकीतून चहा घेऊन, बडनेऱ्याला उतरून, ऑटोवाल्याशी चार शब्द चढे बोलून त्या इथवर आल्या होत्या त्या एवढ्यासाठीच. धुशील तवा मी घरात असीन, ही त्यांची अट. त्याआधीच्याही अटी होत्याच—फोटो मोबाईलवर काढायचा नाही, कुठल्या दुकानात धुवायला द्यायचा नाही, आणि प्रणालीशिवाय कुणी, कुणी म्हणजे कुणीच, पाहायचा नाही. 'अन् एकदाच बसीन. मंग पुन्हा बसा म्हनू नको.' एकदाच. या कॅमेऱ्याच्या रोलवर बाराच फोटो निघतात. बिघडले तर बिघडले, दुसरी बैठक नाही.

पण प्रणालीला भीती वाटत नव्हती. वाटावी कशाला? तीनशे माणसांच्या रेट्यात, अक्षता डोक्यावर पडत असताना, नवरदेवाच्या मामाला खांद्यानं बाजूला सारून नेमका क्षण कॅमेऱ्यात पकडणारी बाई ती. अमरावतीत तिच्या तारखा मिळवायला लोक मुहूर्त पुढे-मागे करतात. ही धुलाई पहिली खरी, पण गेले कित्येक दिवस एक जुना वाया गेलेला रोल घेऊन ती तो डोळे मिटून, फिल्म गुंडाळायच्या चक्रीत भरत होती—आधी टीव्हीसमोर बसून, मग पांघरुणाखाली. तिचा नवरा श्याम म्हणायचासुद्धा, 'एकटीच आंधळी कोशिंबीर खेळून राहिली काय व?' हसू दे त्याला. माझ्या बोटांना आता डोळे आहेत.

सापडलं! टोक नखाखाली आलं, पट्टी टरकन फाटली. कागद सैल झाला, उलगडत गेला आणि त्याच्या आतून ती गुळगुळीत, थंड, स्वतःहून वळू पाहणारी फिल्म बोटांना लागली. टोक चक्रीच्या खाचेत बसवलं. आता मनगट पुढे-मागे, पुढे-मागे... दोन फोटोंएवढी गेली असेल नसेल, आणि अडकली.

घाम. सरावाच्या वेळी कूलर चालू होता. इथे या बंद कोंडवाड्यात घाम कोपरावरून निथळून थेट बोटांपर्यंत येत होता आणि ओल लागली की ही फिल्म चक्रीला चिकटून बसते, हे तिला ठाऊक होतं. ओढायची नाही. ओढली की घडी पडते, घडीच्या जागी चंद्रकोरीसारखा डाग येतो आणि तो डाग कुणाच्या चेहऱ्यावर येईल ते सांगता येत नाही. डाग... थांब. हात वाळू दे. घाई कुणाला आहे इथे?

हात हवेत धरून ती अंधारात उभी राहिली.

डागच तर. श्याम जन्मला त्यानंतर पार्वताबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात चवलीएवढा पांढरा ठिपका उठला, म्हणे. मग डावा गाल, डावी पापणी, गळा. कोड. कुणाला लागत नाही की दुखत नाही, तरी लग्नाच्या हळदीला कुणी यांच्या हातात वाटी देत नाही. कुणी काही बोलत नाही, वाटी फक्त दुसऱ्या हातात जाते. फोटो निघायची वेळ आली की त्या आपल्या आपणच सगळ्यांच्या मागे, कडेला, पदराचं टोक दातात धरून. गोपालच्या, म्हणजे धाकट्या दिराच्या लग्नाचा अल्बम नागपूरहून बनून आला तेव्हा तिथल्या पोरानं न सांगता, आपल्या मनानंच, कॉम्प्युटरवर त्यांचा सगळा चेहरा एकसारखा करून टाकला होता. सारं घर खूश. पार्वताबाईंनी मात्र ते पान खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, 'हे कोन व्हय?' त्यावर सगळे हसले. प्रणालीही हसली होती. म्हातारीला विनोद चांगला करता येतो असं वाटलं होतं तिला. पान उलटलं आणि जेवणाची पानं मांडली गेली.

आणि मग सासरे गेले. भगवंतरावांचा एकट्याचा एकही फोटो साऱ्या घरात निघेना—सून फोटोग्राफर, आणि फोटो निघेना!—तेव्हा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं, मोठं केलं, हार घातला. बाजूला एका अनोळखी बाईचं जरीच्या काठाचं कोपर तसंच राहिलं. 'त्या कोपरालेही रोज गंध लावतो मी,' पार्वताबाई म्हणायच्या, आणि मग एक दिवस भाजी निवडताना, मान वर न करता: 'माया तसा नको लावजा. माया मायासारखा पाह्यजे.'

मायासारखा. एवढंच. एवढंच तर मागितलं होतं त्यांनी, आणि मागितलं होतं तिच्याकडे. पोटच्या दोन पोरांकडे नव्हे.

"मेली काय व आतमंदी?" दारावर थाप पडली.

"जिवंत आहे, आई. हात वाळवून राहिली."

ती स्वतःशीच हसली. बोटं कोरडी झाली होती. चक्री हलकेच दाबली, टोक अर्ध्या खाचेनं मागे घेतलं, पुन्हा पुढे... आणि सुटली! पुढे-मागे, पुढे-मागे, फिल्म आपली आपण आत चालली, शेवटाला कागदाला चिकटवलेली कड आली, ती तिनं सोडवली, चक्री उजेड न शिरणाऱ्या डब्यात टाकली, झाकण आवळलं. मी म्हटलं नव्हतं? मला येतं हे.

दार उघडल्यावर पार्वताबाईंनी आधी तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या काळ्या डब्याकडे पाहिलं. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. घरात कुणी नसलं की त्या तशाच असत. गालावरचा पांढरा पट्टा घामानं चमकत होता.

"एवढ्याशा डबड्यात मी?"

"बाराही तुम्हीच आहात त्यात."

"मंग तं गर्दी झाली असन."

औषधाच्या बाटल्या सकाळपासून कूलरच्या टाकीत उभ्या होत्या. ही प्रणालीची स्वतःची युक्ती, आणि तिचा तिला भारी अभिमान. पुस्तकं लिहिणारे सांगतात पाणी इतकं थंड हवं, तितकं थंड हवं. त्यांना काय माहीत की आमच्याकडे मे महिन्यात नळाला जे येतं त्यात चहापत्ती टाकली तर रंग उतरेल! पण दिवसभर गवताच्या ताट्यांवरून झिरपून खाली आलेलं कूलरचं पाणी—ते बरोब्बर हवं तेवढंच थंड असतं. बर्फ नको, काही नको. तिनं तापमापी बुडवली, पारा हव्या त्याच रेघेवर. ऐट आली अंगात. तिनं औषध डब्यात ओतलं, मोबाईलवर वेळ लावली, डबा उलटा केला, सुलटा केला, टाकीच्या पाण्यात ठेवला. मिनिटभरानं पुन्हा उलटा, पुन्हा सुलटा.

"ताक करून राहिली काय?"

"तसंच समजा."

कूलरसमोर दोघी फरशीवर बसल्या. पार्वताबाई डब्याकडे अशा पाहत होत्या, जणू आत कुणी झोपलंय आणि आवाज केला तर उठेल. त्या रविवारीसुद्धा गच्चीवर खुर्चीत बसल्यावर त्यांचं आधी असंच झालं होतं—अंग आवळलेलं, पदराचं टोक दातांकडे निघालेलं. पण हा कॅमेरा निराळा. अकोल्याच्या रामरावांनी आपला स्टुडिओ बंद करताना, 'आता हे कोन धुते बाई,' म्हणत तिच्या हातात दिलेला, दोन भिंगांचा. पोटाशी धरून वरून खाली पाहायचा. फोटो काढणाऱ्याची मान खाली. तिनं मान खाली घातली आणि पार्वताबाई एकदम खुदकन हसल्या: 'तू तं पाया पडून राहिली व!' पहिला फोटो तिनं त्या हसण्याचाच घेतला. कुणी रोखून पाहत नाहीये म्हटल्यावर मग हळूहळू त्यांचं अंग सैलावत गेलं, पदर दातातून सुटला, डोक्यावरून उतरला, आणि शेवटी-शेवटी त्या प्रणालीच्या खाली घातलेल्या डोक्याकडे, केसांच्या भांगाकडे, नुसत्या पाहत राहिल्या. कॅमेऱ्याच्या काचेवर ते इवलंसं, डावं-उजवं अदलाबदल झालेलं दिसत होतं. तिला तेव्हाच कळलं होतं की असं त्यांनी आजवर कुणाकडे पाहिलेलं नाही... निदान कुणाला दिसेल असं नाही.

"श्याम जेवाले येते न आज?" पार्वताबाईंनी विचारलं.

"येतील की. का?"

"काई नाई." त्यांनी पायाची बोटं कूलरच्या वाऱ्यात धरली. "लायना होता न, पाचवीत, तवा शाळेत नको येऊ म्हने. मास्तरानं बोलावलं तं सांगे, आई बिमार हाय." हे त्यांनी तुरीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मी बी नाई गेली. काहून जावं? पोट्ट्याले चिडवत."

प्रणालीनं डबा उलटा केला, सुलटा केला. बारा वर्षांच्या संसारात श्यामनं हे कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या पाकिटात आईचा फोटो नाही हे तिला माहीत होतं; पण पाकिटात फोटो ठेवणारा नवरा तरी हल्ली कुठे असतो, असं म्हणून ती मोकळी झाली होती. तिला एकदम त्याचा राग आला, आणि त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराची कीवही आली, आणि दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवावं ते कळेना म्हणून तिनं डबा वेळेआधीच पुन्हा एकदा उलटा केला.

औषध ओतून टाकलं. पाणी. मग दुसरं औषध, फिल्मवर उमटलेलं पक्कं करणारं. थोडं थांबणं. आणि मग झाकण उघडायची वेळ झाली. आता उजेडाची भीती नव्हती. डबा घेऊन ती न्हाणीघरात गेली, चक्री बाहेर काढली, फिल्मचा वरचा वेढा बोटभर उचलला—

आलं होतं!

"आई! आलं! आलं सगळं!"

चौकोनामागं चौकोन, काळे-करडे, खुर्चीचे दांडे, गच्चीचा कठडा, आणि मधोमध एक चेहरा. मला येतं! कुणाचा हात धरावा न लागता, पहिल्याच फटक्यात! त्या भरात तिनं चक्री नळाखाली धरली आणि नळ सोडला.

वाफ म्हणावं असं पाणी आलं. गच्चीवरच्या टाकीत सकाळपासून तापत पडलेलं. याच धुण्यासाठी म्हणून पहाटे भरून ठेवलेल्या दोन बादल्या पायाशी उभ्या होत्या, झाकणं घालून; अमरावतीत मे महिन्यात दुपारी नळ थेट कुणी सोडत नाही, हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि तिनं सोडला. तिनं! हात भाजला तेव्हा कुठे भान आलं. चक्री बादलीत बुडवली, पण बाहेरचा वेढा तोवर मऊ पडला होता. पहिल्या फोटोवरचा थर दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला होता, दुसऱ्याच्या कडेलाही सुरकुत्या.

पहिला. हसण्याचा.

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. स्वतःला एक कचकचीत शिवी हासडली, तीही वरूडकडची, माहेरची; मग नाक पुसलं आणि उरलेली फिल्म कूलरच्या टाकीतलं पाणी आणून धुतली. दहा आहेत. दहा शाबूत आहेत. हसण्याचा गेला तो गेला, आणि तो माझ्या हातानं गेला, हे काही आता कुणाला सांगून बदलणार नाही.

खोलीत दोरीला चिमटा लावून तिनं फिल्म टांगली, खाली दुसरा चिमटा वजनाला. अर्ध्या तासानं पार्वताबाई चष्मा पुसत आल्या. खिडकीचा पडदा प्रणालीनं थोडा सारला. फिल्ममधून उजेड आला.

"बिघडला एक, आई. पहिला. माझ्याच हातानं."

"कोनता?"

"तुम्ही हसल्या होत्या तो."

पार्वताबाईंनी त्या सुरकुतलेल्या चौकोनाकडे नीट पाहिलं. "हसली तं होती न मी? मंग झालं." आणि त्या खालच्या चौकोनांकडे सरकल्या. नाक जवळजवळ फिल्मला लागेल इतक्या. कूलरच्या वाऱ्यानं फिल्म हलत होती, तेवढाच आवाज.

"केस काये झाले व माये!"

"उलटं असतं यात. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. कागदावर घेतलं की सरळ होईल."

"उलटं..." त्या आठव्या की नवव्या चौकोनाशी थांबल्या, ज्यात त्या प्रणालीच्या भांगाकडे पाहत होत्या त्याच. तिथे साऱ्या चेहऱ्यावर उजेड होता, आणि डाव्या गालावर, पापणीवर, गळ्याशी काळा रंग होता. पार्वताबाईंचं बोट फिल्मपासून दोन बोटं अंतरावर हवेतच त्या काळ्या पट्ट्यावरून फिरलं. "म्हंजे आंगाचा माया जुना रंग याच्यात तेवढ्याच जागी उरला."

प्रणालीला फक्त एवढं जाणवलं की आता, या घटकेला, साऱ्या जगात हे दोघींनीच पाहिलंय, आणि आनंद झाला, पण लहान मुलानं मुठीत धरून ठेवावा तसला, बोटं उघडायला तयार नसलेला.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. श्याम.

प्रणालीचा हात पडद्याकडे गेला. फिल्म उतरवायची, कापायची, पाकिटात घालायची, कपाटात. अट ती अट. तो कपडे बदलेपर्यंत होईल.

"राहू दे," पार्वताबाई म्हणाल्या.

"श्याम आलेत, आई."

"ऐकू आलं मले." आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढून त्या पदरानं पुसत होत्या. "त्याले दाखव."

"पण तुम्हीच तर म्हणाला होता—"

"म्हनली होती. आता म्हनतो, दाखव. मले पाहून काय करते तं पाहू दे मलेबी." आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला नाही. नवऱ्यामागे पोराच्या घरी आल्यावर, त्याची पावलं दाराशी वाजत असताना, पहिल्यांदाच घेतला नाही.

आणि मी... मी कोण आहे यात? आतापर्यंत प्रणाली समजत होती की लपवायची गरज म्हातारीला आहे आणि आपण नुसत्या शब्द पाळणाऱ्या. शूर, मोकळ्या मनाच्या, कॅमेरा हातात घेऊन जगाला सामोऱ्या जाणाऱ्या. आणि आता म्हातारीनं मूठ उघडली तर हिचीच मिटलेली! श्याम आत येईल, त्या चौकोनाशी वाकेल, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय येईल ते तिला बारा वर्षांच्या सवयीनं आधीच माहीत असायला हवं होतं, पण नव्हतं. तो दहा वर्षांचा पोरगा होऊन नजर वळवेल? की वाकून पाहतच राहील—आणि मग ते जे आपल्या भांगाकडे पाहणं आहे, आपल्या एकटीला मिळालेलं, ते त्याचं होऊन जाईल, कारण आई त्याची आहे? या दोन्हींतली आपल्याला जास्त भीती कशाची वाटते? तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर येऊ लागलं तसं ते तिला आवडेना.

"काय वास सुटला व घरात! कायचं औषध मारलं?" श्यामचा आवाज, मग चपला काढल्याचा आवाज. "आई आली काय?"

"इकडे ये रे," पार्वताबाईंनी हाक दिली.

प्रणाली दोरीच्या आणि दाराच्या मध्ये सरकली.

"थांबा, आई," ती म्हणाली, हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल इतकं. "ओली आहे अजून. हात लागला तर खराब होईल."

सासूबाई म्हणजे उन्हाळाभर गच्चीवर कुरडया वाळवणारी बाई. पार्वताबाईंनी फिल्मकडे पाहिलं. मे महिन्याच्या त्या भट्टीत ती केव्हाच वाळून खडखडीत झाली होती, खालचं टोक वळून वर आलं होतं आणि वाऱ्यानं भिंतीवर टकटक वाजत होतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. खोटी पाडली नाही. नुसतं पाहत राहिल्या, आणि या वेळी प्रणालीची मान खाली नव्हती.

पावलं दाराशी आली. प्रणाली तिथून हलली नाही.